मधला वाफा

धाकटीने फळी वाफ्यावर आडवी टाकली, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि फळीवर गुडघे टेकले. लाकडात दोन खळगे पडले होते. अठरा वर्षांत तिच्या वडिलांच्या, अण्णांच्या गुडघ्यांनी पाडलेले. तिचे गुडघे आजही त्यांत बसेनात. ती जरा पुढे सरकली, मागे सरकली, शेवटी तशीच अवघडून बसली आणि दगडांच्या फटींतला गाळ खुरप्याने उकरू लागली.

“फळी उलटी आहे,” मागून आवाज आला.

शाळेची घंटा देणाऱ्या मावशी झाडू टेकवून उभ्या होत्या. शनिवारची अर्धी शाळा सुटून पटांगण रिकामं झालं होतं, तरी त्यांचा एक डोळा सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे होता.

“फळीला कसलं आलंय उलटं-सुलटं, मावशी?”

“काकांचा डावा गुडघा जड होता. सगळा भार त्याच्यावर. खोल खळगा डावीकडे यायला हवा. फिरव बघू.”

तिने फळी फिरवली. गुडघे बसले. मावशी झाडलेल्या जागेवरूनच पुन्हा एकदा झाडू फिरवत राहिल्या.

तीन भावंडांतली शेवटची म्हणून ती धाकटी. वय सत्तेचाळीस, चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढणारा, केसांत भरपूर पांढरं. पण अण्णांनी शेवटपर्यंत तिला याच नावाने हाक मारली, आणि शाळेतही ती काकांची धाकटी म्हणूनच ठाऊक होती. एका मोठ्या ग्रंथालयात ती जुन्या पुस्तकांची बांधणी दुरुस्त करायची. कागदाला ओल लागू नये यासाठी तिचा सारा दिवस जायचा. अण्णांना त्याची गंमत वाटे. “तुझ्या कामात पाणी म्हणजे चोर,” ते म्हणायचे. “माझ्या कामात पाहुणा. तू त्याला दारातून हाकलतेस, मी त्याला म्हणतो, बसा जरा, घाई काय आहे?”

शाळा उतारावर होती. पूर्वी पाऊस पडला की छपरांचं, पटांगणाचं, बसगाड्या उभ्या राहतात तिथलं सगळं पाणी माती, तेल आणि कागदाचे बोळे घेऊन फाटकाबाहेर धावायचं आणि खालच्या ओढ्यात जाऊन पडायचं. अठरा वर्षांपूर्वी त्या उतारावर तीन वाफे खोदले गेले. एक पायऱ्यांपाशी, एक मध्ये, एक खाली फाटकाजवळ. तळाशी खडी आणि भोकं पाडलेला पाइप, त्यावर वाळू मिसळलेली हलकी माती, आणि मातीत लव्हाळे, वाळा, वेखंड अशी पाण्यात उभी राहतील आणि उन्हातही तग धरतील अशी झाडं. पाणी आधी तोंडाशी रचलेल्या दगडांवर आपटायचं, तिथे गाळ टाकायचं, मग वाफ्यात वीतभर साचायचं आणि मुळांमधून, वाळूमधून हळूहळू खाली उतरून स्वच्छ होऊन ओढ्याला लागायचं. वरून बघणाऱ्याला मात्र ते झाडं लावलेले खड्डेच दिसत. शिक्षकांच्या खोलीत त्यांचं नावही तेच होतं, “काकांचे खड्डे”.

अण्णा मुळात शाळेचे नळ दुरुस्त करणारे. वाफे झाले आणि ते पाणीवाले काका झाले. वाफ्यात कुणी पाय ठेवलेला त्यांना खपत नसे. मातीवर पाय पडला की ती दबते, दबली की पाणी पीत नाही. म्हणून ही फळी. उद्घाटनाच्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष फोटोसाठी बुटांसकट आत उतरले, तेव्हा सगळ्यांसमोर अण्णा म्हणाले होते, “साहेब, बाहेर या. तुमचं वजन त्या मातीला झेपायचं नाही.” अध्यक्ष अंगाने चांगलेच भरलेले होते. फोटो बाहेरूनच निघाला. धाकटीने ही गोष्ट ग्रंथालयात इतक्यांदा सांगितली होती की बांधणी विभागात कुणी कच्च्या पुठ्ठ्यावर हात टेकवला की दुसरा म्हणायचा, “साहेब, बाहेर या.”

अण्णांना जाऊन दोन महिने झाले होते.

दहाव्याच दिवशी मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, घरी येऊन गेल्या होत्या. बोलल्या त्या सरळच. संस्थेला वाफे बुजवून तिथे काँक्रीट करायचं आहे. बसगाड्यांना जागा कमी पडते, आणि मधल्या वाफ्यात पाणी साचून राहतं, डास होतात, पालकांच्या तक्रारी आहेत. पाणी खात्याचा इंजिनिअर तपासायला येणार आहे. तिन्ही वाफे नीट चालताना दिसले तर बुजवायला परवानगी मिळणार नाही. एक जरी बंद पडलेला दिसला तर तिन्ही जातील.

“मला ते जायला नको आहेत,” मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. “पण माझ्याकडे त्यातलं कळणारं माणूस नाही. जे होतं ते...” आणि त्या समोरचं पाणी उचलून प्यायल्या होत्या.

“मी येते,” धाकटी म्हणाली होती. “शनिवार-रविवार. तपासणी होईपर्यंत.”

तपासणीला आता अकरा दिवस उरले होते.

वरचा वाफा आणि खालचा वाफा तिने आधीच्या शनिवार-रविवारांत उरकले होते. गाळ काढला, तण मुळासकट उपटलं, वाळलेले लव्हाळे वीतभर ठेवून कापले, जादा पाणी बाहेर जायला जो उभा पाइप होता त्याच्या जाळीवरचा पाचोळा साफ केला. अण्णांचा लोखंडी गज मातीत दाबला की हातभर सहज आत जात होता. गुरुवारी चांगला पाऊस झाला, आणि मावशी म्हणाल्या, दोन्हीकडचं पाणी जेवणाच्या सुट्टीपर्यंत गेलं. आज शनिवार. मधल्या वाफ्यात अजून बोटभर पाणी होतं, वर शेवाळाची पातळ साय धरलेलं.

दगडांमधला गाळ तिने चार घमेली काढला. मग गज घेतला आणि वाफ्यात दाबला. चार बोटं गेला आणि थांबला. दोन्ही हातांनी जोर लावला तरी हलेना.

“मावशी, हा वाफा कधीपासून असा आहे?”

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. “दारावर बघ ना. सगळं तिथे असतं.”

हत्यारांच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं की अण्णांची नोंदवही उघडत असे. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तीन रकाने आखलेले होते: वरचा, मधला, खालचा. शेजारी खिळ्याला दोऱ्याने टांगलेली पेन्सिल. अण्णा घड्याळ वापरत नसत, हात सदा ओले. ते शाळेच्या घंटा मोजायचे. पाऊस थांबला की पुढे किती घंटा होईपर्यंत वाफा कोरडा पडला, तो आकडा त्या त्या रकान्यात. शाळेला आठ घंटा होत्या. आठव्या घंटेला शाळा सुटायची.

धाकटीने चष्मा पुसून परत घातला. जुन्या हस्तलिखितांवरून नेते तसं बोट लाकडापासून किंचित वर धरून तिने खाली खाली नेलं. तीन, तीन, चार, तीन. वर्षंच्या वर्षं तीन आणि चार. खालच्या रकान्यात तेच. मधल्या रकान्यात चार वर्षांपूर्वीपर्यंत तेच. मग पाच. मग पाच. सहा. सात. आठ. पुन्हा आठ.

त्यानंतर मधला रकाना कोरा होता. शेजारचे दोन्ही भरलेले, अगदी दवाखान्यात जायच्या आदल्या पावसापर्यंत. मधला कोरा.

“लिहिलं का नाही त्यांनी?” तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा कडक आला. अण्णांनी आकडा लपवला, हे तिला मनातल्या मनातही म्हणवत नव्हतं.

“काय लिहिणार?” मावशी तिच्यामागून आत आल्या होत्या. “आठव्या घंटेनंतर घंटा कुठे आहे? दुसऱ्या दिवशी मी पहिली घंटा द्यायला यायची, तर पाणी तिथेच. मी एकदा म्हटलंसुद्धा, काका, आठवी घंटा जरा लांबवते, पाणी तळाला टेकलंय, चार मिनिटांचा तर प्रश्न आहे. तर असे डोळे वटारले माझ्यावर! म्हणाले, ‘घंटा तुझी आहे का? पोरांची आहे.’”

“मग त्यांनी दुरुस्त का केला नाही?”

मावशींनी पदराने घड्याळाची काच पुसली. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

“ते तू बघशील तेव्हा कळेल,” त्या म्हणाल्या.

ती परत फळीवर येऊन बसली आणि खुरप्याने मातीचा वरचा थर खरवडला. शेवाळ निघालं, त्याखाली करडा गाळ निघाला, आणि गाळाखाली काळा थर लागला. चिकट, गुळगुळीत, ओल्या पाटीसारखा. तिने चिमूटभर माती घेऊन तळहातावर वळली. सुरेख गोळी झाली. वरच्या वाफ्यातल्या मातीची गोळी होत नसे, बोटांतून सरकून जायची. बांधणीच्या कामात हाताला कागद ओळखायची सवय असते. एका पुस्तकात भलत्याच पुस्तकाचं पान आलं तर डोळ्यांआधी बोटांना कळतं. ही माती इथली नव्हती.

“कुणी आणून टाकली ही?” ती चिडून म्हणाली. “कुठल्या शहाण्याने?”

मावशींनी झाडू उचलून घेतला.

ती काळ्या थराच्या मागे मागे निघाली. फळी सरकवायची, खरवडायची, बघायचं. कडेला तो पापुद्र्याइतका पातळ होता. मध्याकडे जावं तसा बोटभर, दोन बोटं होत गेला. वाफ्याच्या मधोमध उंचवट्यावर पांढरा गुलाब होता. त्याच्याभोवती खुरपं खणकन वाजलं. वीट. तिने माती बाजूला केली. गुलाबाभोवती विटांचं गोल कडं होतं. त्याच्या बाहेर, हातभर अंतरावर, आणखी एक कडं. त्याही बाहेर तिसरं, या वेळी विटांच्या फटी सिमेंटने भरलेलं. प्रत्येक कडं आधीच्यापेक्षा जरा उंच. प्रत्येकाच्या आत काळी माती काठोकाठ आलेली आणि वरून ओघळून बाहेर पडलेली.

खुरपं तिच्या हातात तसंच राहिलं.

चार वर्षांपूर्वी शाळेने अण्णांचा सत्कार केला होता. त्या दिवशी ती आली होती ती गाडीच्या मागच्या भागात हा गुलाब आणि रोपवाटिकेतल्या काळ्याभोर मातीची दोन पोती घेऊन. माती तिने स्वतः निवडली होती, हात घालून, वास घेऊन, तिथली सगळ्यात भारी. वीसेक शिक्षक आणि दोन वर्ग बघत असताना ती म्हणाली होती, “मधल्या वाफ्यात लावू या अण्णा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल.” अण्णांनी पोत्यात हात घातला होता. माती बोटांत चोळली होती. थोडा वेळ चोळतच राहिले होते.

“फार चांगली माती आहे,” ते म्हणाले होते.

ती हरखून गेली होती. अण्णा कशालाच चांगलं म्हणत नसत, फार चांगलं तर दूरच. ग्रंथालयात तिने हेही सांगितलं होतं, अध्यक्षांच्या गोष्टीला जोडून.

इथल्या झाडांना जरा उपाशीच ठेवायचं असतं, हे त्यांचं वाक्य तिने वाफे झाल्यापासून शंभरदा ऐकलं होतं. वर खायला मिळालं तर मुळं खाली कशाला जातील? आणि मुळं खाली गेली नाहीत तर पाण्याला वाट कोण दाखवणार? ऐकलं होतं आणि अण्णांचा विनोद म्हणून सोडून दिलं होतं.

“मला वाटलं, तुला ठाऊक असेल,” मावशी हळूच म्हणाल्या. “दर पावसात ती माती वाहून खाली बसायची. काका कडं घालायचे. परत बसायची, परत कडं. मी म्हटलं, काका, उपटून टाका ना तो गुलाब, कुंडीत लावा. तर म्हणाले, ‘पोरीने लावलाय.’ झालं. पुढे बोलायची सोय नाही.”

फोनवर दर रविवारी अण्णा सांगायचे, तुझ्या गुलाबाला दोन कळ्या आल्यात, आज एक फूल उमललं. ती विचारायची, आणि वाफे? वरचा मस्त, ते म्हणायचे, खालचा मस्त. आणि मधला? ठीक आहे. मग आईकडे फोन देत.

“चल, तुला आणखी एक दाखवते,” मावशी म्हणाल्या.

हत्यारांच्या खोलीत मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली अकरा पोती रचलेली होती. धाकटीने एकाचं तोंड सोडलं. आत चाळलेली वाळू आणि हलकी माती, मापात मिसळलेली, हाताला कोरडी. एका वाफ्याला पुरेल इतकी.

“चार वर्षं आहे ही. दर उन्हाळ्यात पोती उघडायचे, उन्हात पसरायचे, परत भरायचे. मी म्हणायची, लोणचं घालताय का? हसायचे नुसते.”

धाकटीने पोत्याचं तोंड बांधलं. गाठ अण्णांसारखीच बसली, एका ओढीत सुटणारी.

घरी गेली तेव्हा आई खिडकीशी बसून अण्णांच्या शर्टाची बटणं काढत होती. शर्ट कुणाला तरी द्यायचे होते आणि बटणं ठेवायची होती. का, ते आईने सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

“आई, गुलाबाचं तुला माहीत होतं?”

आईने दोरा कापला. “होतं की.”

“आणि मला कुणी सांगितलं नाही?”

“मी म्हटलं होतं त्यांना, सांगा तिला, ती काही रुसायची नाही. तर म्हणाले, ‘एका वाफ्याचं काय एवढं.’”

धाकटी आईकडे बघत राहिली. हाच माणूस अध्यक्षांना मातीवरून उठवणारा. वाफ्यात चेंडू गेला तर पोरांना काठीने काढायला लावणारा. निवृत्तीनंतरही सहा वर्षं रोज शाळेत जाणारा, कारण नव्या माणसाला गज धरता येत नाही.

“असं म्हणाले?”

“अगदी असंच. वर मलाच म्हणाले, बटण नीट शिव.” आईने हातातलं बटण डबीत टाकलं. “कुंडी मोठी घे हो. मुळं बरीच पसरली असतील.”

तिने ग्रंथालयातून आठवडाभराची रजा घेतली.

गुलाब काढायला रविवारची सकाळ गेली. तिने घाई केली नाही. जुन्या पुस्तकाची शिवण उसवतात तसं, एकेक मूळ मोकळं करत, शेवटी मातीच्या गोळ्यासकट तो उचलला. मावशींनी दुसऱ्या बाजूने धरला आणि दोघींनी मिळून तो पत्र्याच्या मोठ्या डब्यात बसवला. भोवती तिचीच काळी माती भरली. संध्याकाळी तो आईच्या खिडकीखाली गेला. आईने तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाली, “आता जेव म्हणावं पोटभर.”

मग काळा थर. तो फावड्याने निघत नव्हता, निघाला तर खालची वाळू घेऊन निघत होता. सोमवारपासून तीन दिवस ती फळीवर बसून पातळ पत्र्याच्या पट्टीने तो खरवडून काढत होती. शाळा चालू होती. मधल्या सुट्टीत मुलं येऊन बघायची. तिसरीतल्या एका वर्गाने तर खेळायचं सोडून रांग धरली होती, आणि एक मुलगी बाकीच्यांना दरडावत होती, “आत पाय नाही, बाहेरून बघा!” तिचा स्वर इतका ओळखीचा होता की धाकटीने मान वर करून पाहिलं. या पोरीला हे कुणी शिकवलं, ते विचारायची गरज नव्हती.

विटांची कडी तिने शेवटी काढली. सिमेंटवर बोटाचे ठसे होते. तिने त्या विटा फेकल्या नाहीत. दगडांच्या तोंडाशी, गाळ अडवायला, त्याच नीट रचल्या.

गुरुवारी तिने पोती रिकामी केली. अकराव्या पोत्याने वाफा बरोबर भरला. उरलं ते एक मूठ. लव्हाळे परत बसवले, वाळ्याची बेटं फोडून लावली. नवी माती पायाने चोपायची नसते, पाण्याने बसवायची असते, तशी बसवली. गज दाबून पाहिला. हातभर आत गेला, आणि निघताना अडला नाही.

तपासणी पुढच्या बुधवारी होती, आणि त्या दिवशी आभाळ कोरडं ठणठणीत.

इंजिनिअर साहेब वेळेवर आले. सडपातळ, तरुण, मोठे बूट घातलेले, बोलणं कमी. त्यांनी गच्चीवरच्या टाकीचा कॉक सोडायला सांगितला. छपराच्या पन्हळीतून पाणी खाली आलं, दगडांवर आपटलं आणि तिन्ही वाफ्यांत पसरलं. वीतभर भरल्यावर कॉक बंद झाला, आणि त्याच वेळी मावशींनी पहिली घंटा दिली. योगायोग म्हणावा तर मावशी सकाळपासून गच्चीकडेच बघत होत्या.

“मी शाळा सुटेपर्यंत आहे,” साहेब म्हणाले. “तोवर जितकं गेलं तितकं गेलं.” ते मधल्या वाफ्याकडे निघाले आणि एक पाय आत टाकणार, तोच धाकटी म्हणाली, “साहेब, बाहेर या.”

ते थबकले. मोठ्या बाईंनी खोकला काढला. धाकटीने फळी टाकली आणि त्यांना तिच्यावरून यायला सांगितलं. ते मुकाट्याने आले, दोन्ही हात पसरून, तोल सांभाळत.

तिसऱ्या घंटेला वरचा वाफा कोरडा पडला. चौथ्या घंटेच्या जरा आधी खालचा. मधल्यात अजून चार बोटं पाणी होतं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मोठ्या बाई कार्यालयात जाऊन परत आल्या, पुन्हा गेल्या. धाकटी काठावर उकिडवी बसून होती. नव्या मातीत मुळं अजून खाली गेलेली नव्हती, हे तिला कळत होतं. तरी दर थोड्या वेळाने ती काठावरून पाण्यात बोटं उभी धरून मोजत होती.

मावशी तिच्याजवळ येऊन वाकल्या. “पाचवी लांबवू का जराशी?”

“घंटा तुमची आहे का, मावशी?”

मावशींनी तिच्याकडे बघितलं. मग तोंडाला पदर लावला आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा खदखदून हसल्या, इतक्या की वर्गातल्या खिडकीतून एका बाईंनी डोकावून बघितलं.

चार बोटांची तीन झाली, तीनची दोन. मग पाण्याच्या मध्ये वाळ्याच्या बुडाशी एक ओला डाग उघडा पडला. तो पसरत गेला. पाणी कडेकडेने मागे सरलं, तुकडे झाले, आणि एकेक तुकडा जागच्या जागी विरून गेला. कुठे गेला ते दिसलं नाही. पाचवी घंटा झाली तेव्हा वाफ्यात नुसती ओली माती होती आणि तिच्यावर ऊन.

खाली ओढ्याशी पाइपाचं तोंड होतं. साहेब काचेची बाटली घेऊन तिकडे गेले आणि भरून आले. त्यांनी ती उन्हात धरली, फिरवली, पुन्हा धरली. बाटलीपलीकडून शाळेची भिंत स्पष्ट दिसत होती.

“हे कुणी बांधलंय?” त्यांनी विचारलं. “म्हणजे, सांभाळलंय कुणी?”

“माझ्या वडिलांनी,” धाकटी म्हणाली.

“जुन्या नोंदी आहेत काही?”

तिने त्यांना आणि मोठ्या बाईंना हत्यारांच्या खोलीत नेलं आणि दार आतून लावलं. साहेब बराच वेळ उभे राहिले. टोपी काढून काखेत धरली. ओठ हलवत त्यांनी रकाने वाचले, अठरा वर्षांचे, वरून खाली.

“असं मी कुठे पाहिलं नाही,” ते म्हणाले. मग त्यांचं बोट मधल्या रकान्यावर आलं. “इथे मात्र जवळजवळ चार वर्षं काहीच नाही. पाणी जात नव्हतं का?”

“नव्हतं जात.”

“कारण?”

“तिथे गुलाब होता तेव्हा.”

“गुलाब?”

“माझा.”

ते पुढचं ऐकायला थांबले. पुढचं आलं नाही. त्यांनी मागे उभ्या असलेल्या मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाई छताकडे बघत होत्या.

“मी काय लिहू मग?”

“गुलाब लिहा.”

साहेबांनी वहीत लिहिलं. खरंच तेच लिहिलं, तिने वाकून पाहिलं. खाली तिन्ही वाफे चालू असल्याचं लिहून सही केली. मग वही मिटता मिटता म्हणाले, “आमच्याकडे नोंदीत कोरी जागा ठेवत नाहीत. निदान एक उभी रेघ मारून टाका, म्हणजे कुणी मागाहून काही भरणार नाही.”

धाकटीने खिळ्यावरची पेन्सिल घेतली. टोक बोथट होतं, अण्णांनी शेवटचं केलं होतं तसंच. कोऱ्या जागेवरून तिने हात खाली नेला, लाकडाला न लागू देता, आणि जागा संपली तिथे, नव्या ओळीत, वरच्या वाफ्याखाली तीन लिहिला, खालच्याखाली चार, आणि मध्ये पाच.

तिचा पाच अण्णांच्या पाचासारखा झाला नाही. तिने तो पुसला नाही. पेन्सिल सोडली, ती दोऱ्याला हेलकावे घेत राहिली.

“आणि रेघ?” साहेब म्हणाले.

ती फळी उचलायला बाहेर गेली होती. मावशींनी सहावी घंटा दिली, बरोबर वेळेवर.